बेळगावहून टोकियो: हिशेब वेळेचा

बेळगाव

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

जानेवारीत टोकियोला निघालास, फार आनंद झाला! अंतर आणि वेळ विचारलीस, म्हणून सविस्तर लिहितो.

बेंगळुरू ते टोकियोचा नारिता विमानतळ हे हवाई अंतर साधारण 6,700 किलोमीटर. थेट विमानाला जाताना आठेक तास लागतात, येताना साडेनऊ-दहा. फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. थंडीत जपानवर तो भलताच जोरात असतो, कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. विमानाचा वेग ताशी 900 धर. वाटेत सरासरी 100 चा वारा पाठीशी असला तर 6,700 किलोमीटरला सहा तास बेचाळीस मिनिटं. तोच समोरून आला तर आठ तास बावीस मिनिटं. चढणं-उतरणं, धावपट्टीची रांग आणि मार्गाची वळणं यांचा वेळ वेगळा. हा वारा 1920 च्या दशकात फुगे सोडून मोजला तो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञानं. त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, त्यामुळे जगात फारशा कुणी तो वाचलाच नाही. एवढं मोठं काम, वाईट वाटतं.

आता घड्याळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रात्री 2:30 ला सुटलास तर आठ तासांनी आपल्याकडे सकाळचे 10:30, तिथे दुपारचे 2. तिकिटावरच्या वेळा बघून साडेअकरा तासांचा प्रवास वाटेल, घाबरू नकोस. परतताना उलट: संध्याकाळी 6 ला निघून दहा तास उडालास तरी बेंगळुरूत रात्रीचे 12:30 च वाजलेले असतील.

खरी गल्लत होते ती तारखेची. तिकिटावर 14 तारीख, 2:30 असेल तर 13 च्या रात्री अकरापर्यंत विमानतळावर पोचायला हवं. 14 च्या संध्याकाळी गेलास तर विमान कधीच गेलेलं असेल. म्हणून 12 च्या संध्याकाळी बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धर. सकाळी बेंगळुरूला उतरशील आणि अख्खा दिवस हाताशी राहील. गाडी दोन-तीन तास लेट झाली तरी बिघडत नाही. स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून विमानतळाच्या वायुवज्र बस मिळतात. अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकला दोन तास धरच.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं बेंगळुरूला जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घे. वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. शिवाय बॅग बाहेर घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. जानेवारीत पहाटे देवनहळ्ळीला, म्हणजे बेंगळुरूच्या विमानतळावर, दाट धुकं पडतं, तेव्हा सकाळचं पहिलं विमान नको.

नारिता टोकियोपासून साठेक किलोमीटर लांब आहे. स्कायलायनर रेल्वे चाळीसेक मिनिटांत टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला सोडते. हानेदा या टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाचं तिकीट थोडं महाग पडलं तरी जरूर बघ. ते शहरालगतच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक