बेस गेला कुठे?

कोपरी, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय मंद्या,

चार महिन्यांत माझ्याकडून एक ओळ नाही. रागावला असशील, आणि तुझंच बरोबर आहे. इकडे सगळं ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. पण ही गोष्ट तुला सोडून कुणाला सांगू?

काल नवी मुंबईत एका क्लबमध्ये आपण दोघांनी बनवलेला नाचाचा ट्रॅक वाजला. ड्रॉप आला, ट्रॅकचा सगळ्यात जोराचा क्षण, आणि बेस नाहीसा! किकचा ठोका ठणठणीत, पॅडचे लांब सूर वर तरंगतायत, मधे पोकळी. माणसं नाचत राहिली, पण खांदे पडले. तुला कळेल मी काय म्हणतोय.

चूक सिस्टिमची नाही, आपल्या बेसची. सात व्हॉइसचा युनिसन, म्हणजे एकच सूर सात किंचित वेगळ्या आवाजांत डावी-उजवीकडे पसरलेला, त्यावर कोरसचा इफेक्ट, आणि ही सगळी रुंदी अगदी ४० हर्ट्झपर्यंत खाली. क्लबच्या सबवूफरला बहुतेक ठिकाणी डावं-उजवं एकत्र करून मोनो दिलेलं असतं. डावी लाट वर आणि उजवी खाली असली की दोघी एकमेकींना खातात. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून घरी पत्ताच लागत नाही. बेस एकटाच वाजव, शेवटचा मास्टर आवाज मोनो कर, मीटर कसा खाली बसतो बघ.

आता करायचं असं. बेसचे दोन तुकडे कर. खाली एकच साधी साइन लाट, मोनो, दर नोटला फेज शून्यापासून, म्हणजे लाट दर वेळी त्याच बिंदूवरून सुरू. वर तुझा लाडका युनिसन, पण १२० हर्ट्झला हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचं कापलेलं, २४ डीबीचा उतार. त्या फिल्टरने फेज वळते, म्हणून वरच्या लेयरची पोलॅरिटी उलटी करूनही, म्हणजे लाट वरची खाली करून, ऐक आणि जी भरीव वाटेल ती ठेव.

दुसरं, ई मायनर सोड. त्याची खालची नोट ४१ हर्ट्झ, आणि तिथे पुष्कळ सबवूफर दमतात. तीन सेमीटोन चढवून जी मायनर केलं की ४९. किकही तेवढीच चढव, विसरू नकोस. ‘ई मधली उदासी’ यावरून नेरुळ स्टेशनवर दोन लोकल सोडल्या होत्यास, आठवतंय. उदासी पॅडच्या इन्व्हर्शनमध्ये, कॉर्डचे सूर वर-खाली मांडून, शोध, मिळेल.

किकची शेपटी फार लांब आहे. १२४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२४ बीट, एक बीट ४८४ मिलिसेकंदांचा, म्हणजे ऑफबीटची, दोन बीटच्या मधली, बेसची नोट २४२ वर येते. आपली किक ३०० पर्यंत रेंगाळते आणि तिच्या अंगावर पडते. २०० ला काप, शेवटी १० मिलिसेकंदांत आवाज विरव, नाहीतर टिकटिक येईल. साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस दबणं, ५ डीबी पुरे. सुहासच्या हाती देऊ नकोस, तो १२ करेल आणि बेसला धाप लागेल!

इंट्रोत बेस नवव्या बारलाच (बार म्हणजे चार बीट) घुसतो. डीजेला आधीच्या ट्रॅकचा बेस काढायला वेळच नाही, दोघांची झोंबाझोंबी होते. पहिले ३२ बार नुसती किक, हॅट, पर्कशन. ते मिनिटभर होतं.

आणि ब्रेक. ६४ बार म्हणजे दोन मिनिटं किकशिवाय. मी ३२ म्हणत होतो, तू बोलायचा बंद झालास. काल पाहिलं: पहिलं मिनिट लोकांनी डोळे मिटून ऐकलं, दुसऱ्यात फोन निघाले. तरी तो सोळा बारांवर हळूहळू उघडणारा फिल्टर कापायचा नाही, सगळ्या ट्रॅकचा जीव तिथे आहे. ४८ करू, आणि शेवटच्या १६ मध्ये शेकर परत आणू. चालेल?

नवी नोकरी कशी आहे? मुलीचं नाव ठेवलंत का? फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

स्टेम्स, म्हणजे प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल, गुरुवारपर्यंत टाक. मास्टरवरचा, आवाजाची टोकं दाबणारा, लिमिटर काढ, ६ डीबी जागा ठेव, आणि रिव्हर्ब वेगळ्या फाइलमध्ये दे. त्याचं ३०० हर्ट्झखालचं सगळं मी काढतो.

तुझाच,
बाळ्या