वसुली रिटायर होतानाच का आठवते?

मा. संपादक, स. न.

सरकारी क्लार्क ५८ वर्षांचा होत आला की मग त्याचं सेवापुस्तक (नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) वेतन पडताळणी पथकाकडे जातं आणि तिथून शेरा येतो, आश्वासित प्रगतीचा (प्रमोशन न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ चुकीच्या तारखेपासून दिला, नाहीतर टायपिंगचं सर्टिफिकेट उशिरा आलं तरी वेतनवाढी दिल्या, सबब जादा रक्कम वसूल करावी. माझंही हेच झालं. वेतननिश्चिती केली आस्थापना शाखेने, सही साहेबांची आणि पैसे कापले माझ्या ग्रॅच्युइटीतून!

बरं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्येच रफिक मसीह केसमध्ये सांगून ठेवलंय की वर्ग ३ आणि ४ च्या (क्लार्क, शिपाई वगैरे) लोकांकडून, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चुकीचं पेमेंट होत राहिलं असेल तरीही नाही. कोणी लबाडी करून पगार वाढवून घेतला असेल तर जरूर वसूल करा, त्याला कोण नाही म्हणतंय.

पण ऑफिसात हा निकाल दाखवला की लगेच हमीपत्र काढतात. सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाच्या वेळी 'जादा प्रदान झाल्यास परत करीन' असं लिहून घेतलेलं असतं ना, ते. त्याला आधार सुप्रीम कोर्टाच्याच २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा, हमीपत्र दिलं असेल तर वसुली चालते असं सांगणारा. अहो पण तो माणूस न्यायाधीश होता, क्लार्क नव्हता! आणि छापील फॉर्मवर सही केली नाही तर वेतननिश्चितीच अडते, मग सही कोण नाही करणार.

मग उरतं काय तर मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरांच्या तक्रारींचं कोर्ट), मुंबई, नागपूर नाहीतर संभाजीनगरचं, वकिलाची फी आणि तारखा. एकाच्या केसचा निकाल लागला तर तशाच बाकीच्यांनाही लाभ द्यावा, प्रत्येकाला कोर्टात पाठवू नये, हेही सुप्रीम कोर्टाने २०१४ लाच अरविंदकुमार श्रीवास्तव केसमध्ये म्हटलंय. तरी शेजारच्या टेबलावरचा जिंकला तरी आपला अर्ज आपणच टाकायचा, 'तो निकाल त्यांच्यापुरता' हे उत्तर पाठच झालंय सगळ्यांना.

माझं म्हणणं एवढंच की वेतननिश्चिती झाली की पुढच्या वर्षभरात पडताळणी करून टाका, तेव्हा चूक निघाली तर चार हप्त्यांत कापा, आम्ही कुरकुर करू पण भरू. आणि मुदतीत पडताळणी झाली नाही तर शेरा मारताना त्या वेळी सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नावही लिहा.

- एक निवृत्त वरिष्ठ लिपिक