काल बाळाने काय खाल्लं, हा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,

2018पासून दर सप्टेंबरला पोषण माह, म्हणजे पोषणाच्या जागृतीचा सरकारी महिना, साजरा होतो. मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत मीही तो राबवला. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आम्ही वर काय पाठवायचो? कार्यक्रम किती झाले, बायका किती आल्या, फोटो किती. एका अंगणवाडीत डाळी-भाज्यांची रांगोळी एकदाच काढली आणि तिचेच फोटो तीन दिवसांच्या कार्यक्रमांत गेले. सेविकेला मी बोल लावणार नाही. तिच्याकडे फोटोच मागितला जात होता.

त्याच अंगणवाडीसमोर राहणारी दहा महिन्यांच्या बाळाची आई एकही बैठक चुकवत नसे. प्रत्येक वेळी रजिस्टरवर तिची सही. एकदा तिला विचारलं, "काल सकाळपासून बाळाच्या पोटात काय काय गेलं, सांग बरं." चहात बुडवलेली दोन बिस्किटं, दुपारी वरणावरचं नुसतं पाणी, बाकी अंगावरचं दूध. भाकरी का देत नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "घशात अडकंल म्हणून भ्या वाटतं, बाई." इतक्या बैठकांत आम्ही तिला कडधान्यं-फळांचे तक्ते दाखवले होते, भाकरी कुस्करून दाखवली नव्हती! मग सेविका तिच्याच चुलीपुढं बसली. ज्वारीची ताजी भाकरी घट्ट वरणात बोटांनी मऊ कालवली, वर चमचाभर करडईचं तेल सोडलं आणि आईच्याच हातानं भरवायला लावलं. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा दोन वेळची वरण-भाकरी होती, आणि एक उकडलेलं अंडं. मला तरी पोषण शिक्षण हेच वाटतं. पण ते लिहायला आमच्या अहवालात जागाच नव्हती.

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लहान बाळांच्या आयांना कालच्या दिवस-रात्रीचं खाणंच विचारतात. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातली पाच वर्षांखालची बुटकी मुलं 2015-16 मध्ये 34 टक्के होती, 2019-21 च्या फेरीत 35 टक्के. एवढ्या बैठका, एवढ्या रॅल्या होऊनही आकडा हलला नाही. तो का हलला नाही, हे आमच्या फोटोंवरून कुणाला कळणार?

दुसरी गोष्ट मराठवाड्याची खास. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, लेकरं सोबत जातात. रजिस्टरवर 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि वजन घ्यायला उरतात ती आजीपाशी ठेवलेली किंवा बऱ्या घरची मुलं. मग हिवाळ्यात गावातलं कुपोषण कमी झालेलं दिसतं! खरं म्हणजे हडकुळी लेकरं उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत असतात. टक्केवारीखाली 'इतक्या मुलांचं वजनच झालं नाही' ही ओळ छापली नाही, तर तो अहवाल खोटाच.

आणि भीती. एका वर्षी आम्ही वजनकाटे नीट करून घेतले, दंडघेर पट्टीनं पुन्हा मोजले. साडेअकरा सेंटिमीटरखालची, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलं वाढली आणि मला खुलासा मागणारी नोटीस आली. पुढच्या महिन्यात एका सेविकेनं हळूच विचारलं, "मॅडम, दोनशे ग्रॅम वाढवून लिहू का?" तिला नाही म्हणताना माझाही आवाज बसला होता.

अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप 2021मध्ये आलं. इंग्रजी ॲप आणि बिघडणारे फोन म्हणून राज्यभर सेविकांनी मोबाइल परत केले होते, ते वाचकांना आठवत असेल. आज माहिती फोनमधून वर जाते, पण गावात परत येत नाही. ती ग्रामसभेत वाचली जावी. फोटोंची सक्ती कमी करून दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीतल्या पाच आयांना, कुणाला विचारायचं ते चिठ्ठी टाकून ठरवून, कालच्या खाण्याचा प्रश्न विचारावा. पडताळणीला परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञानाच्या विद्यार्थिनी घ्याव्यात; लोहयुक्त 'परभणी शक्ती' ज्वारी याच विद्यापीठानं प्रसारित केली, ती लेकरांच्या ताटात पोचते का, हेही त्यांना कळेल. कुपोषित मूल शोधणाऱ्या सेविकेला नोटीस देणं मात्र आधी थांबवा.

टोळ्या निघण्याआधी प्रत्येक लेकराचं वजन आणि दंडघेर कार्डावर लिहून ते आईच्या हाती द्यावं, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीत तिला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही. हे काम यंदाच्या दसऱ्याआधी होऊ शकतं.

– एक निवृत्त मुख्यसेविका, जि. बीड