भातुकलीतलं मोडलेलं जातं: सावंतवाडीच्या काकांना आभारपत्र

चितारआळीत लाकडी खेळणी घडवणारे आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

भातुकलीतलं जातं दुरुस्त होऊन सुखरूप परत पोचलं. पत्र तुम्हालाच आहे, पण सर्वांना वाचता येईल असं लिहितो आहोत. तुम्ही जे केलंत आणि त्याहीपेक्षा जे आम्हाला करू दिलं नाहीत, ते सावंतवाडीचं लाखकाम जपणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

जातं मुठीत मावेल एवढं. कपाटाच्या वरच्या फळीवरून फरशीवर आलं. खुंटा मुळाशी मोडला, वरच्या तळीच्या काठावरची लाख दोन जागी उडाली आणि खालच्या तळीला मध्यापासून काठापर्यंत चीर दिसली. फोनवर हे सगळं ऐकून घेतल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "आधी काय्येक करू नकात." पहिले आभार या वाक्याबद्दल. लाकडी खेळणं पडल्यामुळे जेवढं बिघडतं, त्याहून जास्त ते पुढच्या अर्ध्या तासात, कळवळून केलेल्या डागडुजीने बिघडतं.

त्या अर्ध्या तासात काय करायचं, तेही तुम्ही सांगितलंत. केरसुणी फिरवायची नाही. टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा, म्हणजे लाखेचा तांदळाएवढा टवकाही चमकतो. सगळे तुकडे कागदाच्या पाकिटात घालायचे, पुसायचे नाहीत, तुटलेल्या कडा एकमेकींवर घासून "बसतंय का" बघायचं नाही. तुटलेल्या लाकडाचे तंतू दातांसारखे एकमेकांत बसतात, दोनदा घासले की ते वाकतात आणि मग सांधा कधीच पुरता मिटत नाही. चिकटपट्टी तर लावायचीच नाही, कारण ती काढताना खालची जुनी लाख सोबत घेऊन येते. रबरबँडही नको, तो उन्हाळ्यात लाखेला चिकटतो आणि डाग ठेवतो. बांधायचंच असेल तर सुती नाडी.

सगळ्यात मोठं नुकसान टळलं ते स्पिरिटचं. लाखेचा स्वभाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो. कांतलेल्या खेळण्यावरचा रंग ब्रशने दिलेला नसतो. लाकूड चरकावर, म्हणजे कांतायच्या यंत्रावर, फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवून चकाकी आणतात. म्हणजे वरची सगळी कातडी लाखेची. लाख ७५ ते ८० अंशांना वितळते, त्याच्या आधीच मऊ पडते, आणि स्पिरिटमध्ये चक्क विरघळते. सॅनिटायझर हे बहुतांशी अल्कोहोलच. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी असं खेळणं उचललं तर बोटांचे ठसे लाखेत उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यानेही लाख मऊ होते. धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश, चिकट मळ असेल तर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, लगेच कोरडं पुसणं, बस. "जरा चमक येऊ दे" म्हणून वरून फ्रेंच पॉलिशचा हात मारणारे पुष्कळ आहेत. ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखच. तो जुन्या लाखेला ओला करतो, लाल पिवळ्यात उतरतो आणि खेळण्याची रेघन् रेघ पुसट होते.

आपल्या खेळण्यावर लाख आहे की तैलरंग, हे ओळखायची तुमची रीत सोपी आहे. बुडाशी, जिथे नजर जात नाही तिथे, कानात घालायच्या कापसाच्या काडीला किंचित स्पिरिट लावून क्षणभर टेकवायचं. काडीला रंग आला आणि जागा चिकट झाली तर लाख. तैलरंग सहसा लगेच सुटत नाही. पुष्कळ खेळण्यांवर दोन्ही असतात, अंग लाखेचं आणि वरची वेलबुट्टी रंगाने काढलेली. म्हणून एकाच जागी बघून निकाल द्यायचा नाही.

आता खुंट्याबद्दल. मोडलेले दोन तुकडे टोकाला टोक लावून चिकटवायचे, हा प्रत्येकाला सुचणारा उपाय. तुम्ही तो का नाकारलात हे हातात घेऊन बघितल्यावर पटलं. खुंटा जेमतेम ५ मिलिमीटर जाड, तूट आडवी. आडव्या तुटीत तंतूंची उघडी टोकं गोंद पिऊन टाकतात, सांध्याचं क्षेत्र तुरीच्या डाळीएवढं, आणि जातं फिरवताना सगळा जोर नेमका तिथेच येतो. कितीही भारी गोंद असो, दुसऱ्या फेऱ्याला सुटणार. झटपट चिकटणारा गोंद त्याहून वाईट. तो ठिसूळ असतो, आजूबाजूच्या लाखेवर पांढरी वाफ धरतो, आणि काढायला ॲसिटोन वापरावं लागतं, ज्याने लाखही बिघडते.

तुम्ही तळीत अडकून राहिलेलं बुंधं काढलंत. मध्य साधायला टोच्याने खूण, मग हाताने फिरवायच्या ड्रिलने दीड मिलिमीटरचं भोक, मग ३ चं. उरलेली जुन्या लाकडाची कडी अरुंद पटाशीने बाहेरून मध्याकडे सोडवलीत, म्हणजे तळीतल्या मूळ भोकाची भिंत शाबूत राहिली. थेट ५ चं पातं घातलं असतं तर ते मऊ जुन्या लाकडाकडे सरकलं असतं आणि भोक तिरकं झालं असतं. नवा खुंटा शिवण झाडाच्या लाकडाचा, आणि करवतीने कापलेला नाही तर फोडून काढलेला, त्यामुळे तंतू वरपासून खालपर्यंत सलग. चरकावर कांतून, तिथेच पिवळी लाख चढवून, फक्त भोकात जाणारा ८ मिलिमीटरचा भाग कोरा ठेवलेला, कारण लाखेवर गोंद पक्का धरत नाही.

त्या कोऱ्या भागावर तुम्ही एक बारीक उभी खाच घेतली आहे. भिंगातून ती बघितली आणि तुमच्या कामाची जात कळली. घट्ट बसणारी खुंटी बंद भोकात दाबली की तळाशी साचलेला गोंद आणि हवा यांना बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर तोच दाब तळीला चिरतो. दुरुस्तीतच खेळणं फुटण्यामागे हेही कारण असू शकतं. गोंदही तुम्ही खुंट्याला न लावता काडीने भोकाच्या भिंतीला लावलात. खुंट्याला लावला असता तर तो आत जाताना काठाशी खरवडून वर आला असता आणि लाखेवर पसरला असता.

गोंद म्हणून तुम्ही फेव्हिकॉल निवडलात, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद) नाही. याचं आम्हाला आधी नवल वाटलं होतं, कारण सरस गरम पाण्याने पुन्हा सोडवता येतो आणि जुन्या वस्तूला तो योग्य मानतात. तुमचं उत्तर कोकणातलं होतं: पावसाळ्यात सरस ओल ओढतो आणि त्याला बुरशी येते. कोरड्या हवेत राहणारी, कुणी हात न लावणारी वस्तू असेल तर सरस वापरावा. दाणे एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजत ठेवायचे आणि दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास विरघळवायचे. उकळी आली की सरसाची ताकद जाते. फेव्हिकॉलचा सांधा २४ तास हलवायचा नाही, पावसाळ्यात ४८.

खालच्या तळीची चीर पडण्यामुळे आली, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही भिंग लावून दाखवलंत: चिरेच्या आतल्या कडा काळपट आहेत आणि तळाशी धूळ बसली आहे. ताजी तूट आतून स्वच्छ, फिकट लाकडाची दिसते. म्हणजे चीर जुनी, पडल्यावर फक्त नजरेला आली. कारणही लाकडातच होतं. तळी आख्ख्या फांदीच्या चकतीची, गाभ्यासकट. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून अशी चकती गाभ्यापासून काठाकडे तडकते. कोकणच्या दमट हवेतून ती पुण्याच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत आली की हे व्हायचंच. परदेशी हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरातही तसंच.

आणि ती चीर तुम्ही बुजवली नाहीत. याबद्दल विशेष आभार, कारण बुजवणं सोपं होतं आणि काम पुरं झाल्यासारखंही दिसलं असतं. मे महिन्यात अशा चिरेत व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा जातो, ऑगस्टमध्ये साधा कागदही जात नाही. उन्हाळ्यात उघडलेल्या चिरेत भुसा आणि गोंद भरला तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर ते भरण पाचरीसारखं काम करतं आणि शेजारी नवी चीर पाडतं. वर्षभर बघा, सगळे ऋतू जाऊ द्या, काठाला ती पसरत असेल तरच सांगा, असं तुम्ही म्हणालात. आम्ही काठावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली आहे.

लाखेचे टवके. तांदळाएवढा होता तो तसाच सोडलात, ते उत्तम. नखाएवढा जो होता त्याचा मूळ तुकडा पाकिटात सापडला होता. अर्ध्यास अर्धं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब लाकडावर, वर तुकडा, त्यावर बटर पेपर आणि तांदळाची छोटी पुरचुंडी वजन म्हणून, रात्रभर. भोवतालची फट तुम्ही वितळलेल्या लाखेने भरलीत. पातं शेगडीवर तापवून, पुसून, कांडीला टेकवायचं, खेळण्याला नाही. मेणबत्तीवर तापवलं तर काजळी लाखेत कायमची बसते. उंचवटा थंड झाल्यावर बांबूच्या धारेने तासला, पॉलिश पेपर लावला नाही.

पॉलिश पेपरचा मुद्दा इथे ठासून लिहायला हवा. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ ही खनिजं वापरायची रीत होती. हरताळात सोमल (आर्सेनिक) असतो, हिंगुळात पारा. असं खेळणं कोरडं घासून त्याची धूळ नाकातोंडात घेऊ नये आणि ते लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये. खेळायला आजचं नवं खेळणं द्यावं, तुमच्या आळीत ते मिळतंच.

ठेवण्याबद्दल तुम्ही थोडक्यात सांगितलंत, तेही लिहून ठेवतो. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळायचं. वर्तमानपत्राची शाई लाखेला लागते, आणि बारीक फुग्यांचं प्लास्टिक (बबल रॅप) उन्हाळ्यात लाखेवर गोल गोल ठसे उमटवतं. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर क्षणभरही नको. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून त्याच्या खेळण्याला भुंगा लवकर लागतो. भोकं दिसली तर घाबरायचं नाही, खेळणं महिनाभर काळ्या कागदावर ठेवायचं. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर आत अजून कीड आहे, नाही पडली तर भोकं बहुधा जुनी. फ्रीझरमध्ये ठेवून कीड मारायची युक्ती साध्या लाकडाला चालते, पण लाखकामाला आम्ही ती करणार नाही, कारण इतक्या थंडीत लाख ठिसूळ होऊन तडकू शकते.

नव्या खुंट्याचा पिवळा जुन्या पिवळ्यापेक्षा तुम्ही मुद्दाम अर्धी छटा उजळ ठेवलात. हातभरावरून जातं एकसंध दिसतं, जवळ घेतलं की नवं कुठलं ते कळतं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. सोबत तुम्ही पाठवलेली चिठ्ठीही जपली आहे: खुंटा नवा, शिवण, गोंद फेव्हिकॉल, टवका मूळचाच, चीर बुजवलेली नाही, खाली तारीख. पुढे कधी दुसऱ्या कुणाच्या हातात हे जातं गेलं तर त्याला अंदाजाने स्पिरिट किंवा गरम पाणी लावून बघावं लागणार नाही.

जुन्या खुंट्याचा वरचा तुकडा तुम्ही टाकला नाहीत, पुडीत बांधून परत पाठवलात. पुडी भातुकलीच्या डब्यात, चिठ्ठीशेजारी ठेवली आहे. वरची तळी पूर्वीसारखी फिरते, घासत नाही. मे महिना सरला की चिरेचं काय झालं ते फोटो काढून कळवतो.

आपले कृतज्ञ,
जुन्या लाकडी खेळण्यांची निगा राखणारे आम्ही सारे