'हजार' परका कसा?

मराठीतील परकीय शब्दांविषयीच्या रविवार पुरवणीतील लेखात 'हजार' हा फारसी शब्द सोडून 'सहस्र' वापरावा, असे सुचवले आहे. ते पटत नाही. फारसी 'हजार' आणि संस्कृत 'सहस्र' हे एकाच भारत-इराणी मुळातून निघालेले सख्खे भाऊ आहेत. मूळ 'स'चा इराणी भाषांत 'ह' होतो. 'सप्त'चे 'हफ्त' झाले आणि त्यातूनच आठवड्याचा 'हफ्ता' आला. (आपण त्याचा हप्ता करून कर्जाला जोडला, ती गोष्ट वेगळी.)

शिवाय फारसीत 'हजार' म्हणजे नुसती संख्या नव्हे, अगणित असाही अर्थ आहे. नाना सुरांत गाणाऱ्या बुलबुलालाही तिथे 'हजार' म्हणतात. आपणही 'हजारदा सांगितलं' म्हणतो तेव्हा मोजत थोडेच असतो? शिवाजी महाराजांनी दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे खरे. पण त्यांच्याच घोडदळात हजारी, पंचहजारी हे हुद्दे होते. 'सहस्र' विष्णुसहस्रनामात आणि सहस्रबुद्धे आडनावात सुखाने नांदतो आहे. भाजीमंडईत मात्र सहस्र रुपयांचे सुटे कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

– एक वाचक, सातारा