नवोदित इंडी रॉक बँडच्या संध्याकाळीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कार्यक्रम आयोजन विभाग

विषय : गंगापूर रोड, नाशिक येथील कार्यक्रमात जाहीर केल्याप्रमाणे सेवा न मिळाल्याबाबत.

महोदय,

गेल्या शनिवारी गंगापूर रोडवरील लॉन्सवर आपल्या कंपनीने नवोदित इंडी रॉक बँडच्या, म्हणजे मोठ्या संगीत कंपनीशिवाय स्वतंत्रपणे स्वतःची रॉक गाणी करणाऱ्या बँडच्या, प्रत्यक्ष वादनाची संध्याकाळ ठेवली होती. मी माझ्यासाठी व मुलीसाठी प्रत्येकी ७९९ रुपयांची दोन तिकिटे तीन आठवडे आधीच काढली होती. जाहिरातीत चार बँड, प्रत्येकी ४० मिनिटे आणि साडेसहाची वेळ असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात पहिले गाणे ८ वाजून १० मिनिटांनी सुरू झाले, आणि चौथ्या, म्हणजे आपल्या नाशिकच्याच मुलांच्या बँडच्या वाट्याला जेमतेम ११ मिनिटे आली.

आम्ही साडेसहाला आत गेलो तेव्हा ड्रमना माइक लावण्याचे आणि वायरी ओढण्याचे काम चालू होते. म्हणजे साउंड चेक, अर्थात कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, दुपारी झालाच नव्हता. त्यानंतर दीड तासाहून अधिक काळ मोठ्या आवाजात चित्रपटांची गाणी लावून ठेवली गेली आणि उशिराचे कारण मंचावरून एकदाही कोणी सांगितले नाही.

चौथा बँड पावणेदहानंतर मंचावर आला. गायिकेसमोरचा मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, बंद होता, त्यामुळे तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पहिल्या गाण्यात ती साउंडच्या टेबलाकडे पाहत हाताने ‘वाढवा, वाढवा’ अशी खूण करत राहिली, पण त्या वेळी टेबलावर कोणीच नव्हते. बेस वाजवणारा मुलगा गिटारच्या लाकडाला कान टेकवून सूर तपासत होता. अशा अवस्थेतही त्यांनी स्वतः लिहिलेली दोन मराठी गाणी वाजवली. दुसऱ्या गाण्याचे शेवटचे कडवे चालू असतानाच, दहा वाजले म्हणून, आवाज बंद करण्यात आला. अँप्लिफायर बंद झाल्यावरही ड्रम वाजवणारी मुलगी काही क्षण वाजवत राहिली. तो नुसता ड्रमचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

रात्री १० चा नियम मला पूर्णपणे मान्य आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत, आणि शेजारी वस्ती असताना उघड्या जागेत दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये, हे योग्यच आहे. तरुणपणी मी कसारा घाट उतरून मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात रॉक बँड ऐकायला जात असे. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तिथेच होत असे. पुढे रुग्णालये, शाळा-महाविद्यालये यांच्या आसपासच्या शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले असे कार्यक्रम थांबले, हेही मी पाहिले आहे. म्हणूनच माझे म्हणणे एवढेच आहे की, दहाची मर्यादा आपल्याला परवानगी घेताना ठाऊक होती, तरीही आपल्या दिरंगाईची संपूर्ण किंमत सर्वांत नव्या बँडला मोजावी लागली. स्वतःची गाणी घेऊन आलेल्या मुलांना नाशिकमध्ये मोठ्या मंचावर उभे राहण्याची संधी मुळातच फार कमी मिळते, आणि त्यांना ऐकायला आलेले त्यांचे आईवडील व मित्र माझ्या आजूबाजूलाच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला असता ‘कार्यक्रम झाला आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. कार्यक्रम रद्द झाल्याची माझी तक्रारच नाही. जे जाहीर केले त्यातला मोठा भाग मिळाला नाही, अशी आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते.

तरी दोन्ही तिकिटांची निम्मी रक्कम, म्हणजे ७९९ रुपये, परत करावी. चौथ्या बँडला ठरलेले मानधन पूर्ण दिले की नाही, हे लेखी कळवावे, आणि त्यांना पूर्ण ४० मिनिटांचा, दुपारी साउंड चेक झालेला कार्यक्रम नाशिकमध्येच द्यावा. परताव्यापेक्षा या मागणीचे मला अधिक महत्त्व वाटते. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

तिकिटांच्या व पैसे भरल्याच्या पावतीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक तिकीटधारक,
इंदिरानगर, नाशिक