मुकुलला कुणी सांगत का नाही?

सांगली

प्रिय सुध्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो आणि आता दिवाळी तोंडावर आली. शिव्या घालायच्या असतील तर पुढच्या पत्रात घाल, आज आधी माझं ऐक. सीमाचं ऑपरेशन नीट पार पडलं, टाके निघाले, घरात पुन्हा तिचा हुकूम चालू झालाय. आईचे गुडघे आहेत तसेच.

विषय ईशानचा आहे. तुलाच लिहितोय, कारण पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस माझ्या ओळखीत तू एकटाच.

पोरगं हल्ली शेवट कळल्याशिवाय काही बघतच नाही. परवा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' लावला. आपलाच, १९७४ चा, सिडनी लुमेटचा. सुरुवातीचं ते अपहरण, वर्तमानपत्रांचे मथळे झाले, गाडी अजून इस्तंबूलहून सुटायचीय, तोवर हा सीमाचा मोबाइल घेऊन आत पळाला. परत आला तो खुनाचा उलगडा वाचूनच. मग मांडी घालून निवांत शेंगा खात बसला. मी जाम चिडलो. तू असतास तर त्याची पाठ थोपटली असतीस, माहितीये. शेवट ठाऊक असला की इन्ग्रिड बर्गमनचा तो न तोडता घेतलेला लांबलचक जबाब खरा उमगतो, ती काय लपवतेय ते दिसतं, हे तुझं पालुपद. अरे, पण ते दुसऱ्यांदा बघताना! पहिल्यांदा कोऱ्या मनानेच बघायचा. वाचनालयाच्या पायरीवरचं ते भांडण माझ्या लेखी अजून मिटलेलं नाही. मन्या तर अजून म्हणतो, सुध्याच्या शेजारी बसून चहा प्यायचा तर कानात बोळे घालून.

तर मी युक्ती केली. दुसऱ्या दिवशी 'सोनार केल्ला' लावला. तोही १९७४ चाच, पण लुमेटच्या अगदी उलट. सत्यजित राय यांनी स्वतःच्याच कादंबरीवर केलेला, त्यांच्या फेलूदा या गुप्तहेराचा. पुस्तकात बदमाश कोण ते शेवटपर्यंत झाकून ठेवलंय, सिनेमात मात्र पत्ते लवकरच उघडे केले. मुकुल हा गेल्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवणारा पोरगा, आणि डॉक्टर हाजरा त्याला घेऊन तो किल्ला शोधायला निघालेले. जयपूरच्या नाहरगडावर खऱ्या हाजरांना ढकलून देतात, आणि तोतया डॉक्टर मुकुलचा हात धरून पुढच्या प्रवासाला निघतो. आपल्याला सगळं ठाऊक, फेलूदाला नाही. तोच तोतया जोधपूरच्या सर्किट हाउसमध्ये त्याच्याशी गोडगोड बोलतो तेव्हा माझ्या तर अजून पोटात गोळा येतो. म्हटलं, इथे शोधायला काही उरलंच नाही, आता मोबाइल कशाला लागतोय!

मोबाइल नाही लागला. मी सबटायटल्स वाचून मराठीत सांगत होतो. तोतया मुकुलला संमोहित करून जैसलमेरचं नाव काढून घेतो ना, तिथे ईशानने माझी बाही घट्ट धरली आणि म्हणाला, "बाबा, मुकुलला कुणी सांगत का नाही?" मी म्हटलं, थांब, फेलूदा येतोय. तर म्हणे, "तो येईल तेव्हा येईल. पण मुकुलला सांगायला हवं ना."

सुध्या, मला पुढची सबटायटल्स वाचताच येईनात. सीमा दवाखान्यात होती तेव्हा आईने त्याला सांगितलं होतं, आई मामाकडे गेलीय. पोरगं रोज मान डोलवायचं. आणि मोबाइलमध्ये शेवट शोधायला लागलं ते तेव्हापासूनच.

मग तू आठवलास. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड अण्णांच्या त्या वर्षीची ना रे? त्याआधी 'सांगू नकोस, सांगू नकोस' म्हणून कान झाकणारा तूच होतास. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आता विचारतो. शेवट वाचून बरं वाटायचं का? आणि तेव्हा कुणी काय सांगितलं असतं तर ते पान उलटावंसं वाटलं नसतं? जरा नीट आठवून लिही. मला ईशानशी बोलायचंय आणि सुरुवात सापडत नाहीये.

नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी झकास आहे. वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची बारावी, म्हणजे दिवाळीत येणं कठीण, तरी दोन दिवस काढच.

तुझा,
बाळ्या

ता. क. ईशानला आता पुढचा फेलूदा हवाय, १९७९ चा काशीचा, 'जय बाबा फेलुनाथ'. त्यात मगनलाल बदमाश आहे हे उघडच आहे, पण गणपतीची मूर्ती कुठे दडलीय ते कळत नाही. ते त्याने आधी विचारलं तर सांगू की नको? रविवारच्या आत कळव.